मिआटा तापते, पण नेमकी कधी?

न्यू जर्सीतल्या गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गावर माझी जुनी स्पोर्ट्स कार, मिआटा, घेऊन ताशी ६५ मैलांनी चाललो होतो. जुलैची दुपार, बाहेर ३३ अंश, टप वर, एसी चालू. एरवी मधल्या रेघेच्या किंचित डावीकडे गुपचूप बसलेला तापमानाचा काटा रेघ ओलांडून उजवीकडे सरकायला लागला. एसी बंद केला, तसा थोडा थबकला. एक्झिट घेऊन कमी वेगाच्या रस्त्याला लागलो आणि दोन-तीन मैलांत काटा परत जागेवर, जणू काही झालंच नाही.

हा तिसरा उन्हाळा होता. पहिल्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं पाणी गरम झालं की उघडणारी झडप, बदलला. दुसऱ्या उन्हाळ्यात रेडिएटर बदलला. दोन्ही वेळा घरात "आता झालं" असं जाहीर केलं होतं. या वेळी बायकोने विचारलंसुद्धा नाही. आई मात्र पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अरे, गाडी आहे की दुभती म्हैस? दर वेळी बघावं तर तू तिच्याखाली."

गाडी १९९२ची माझदा एमएक्स-५, अमेरिकेत जिला सगळे मिआटा म्हणतात. पहिल्या पिढीची, वर-खाली होणाऱ्या दिव्यांची. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही पहिल्यांदा दाखवली गेली, आणि २०१६ साली एकूण उत्पादन १० लाखांवर गेलं. माझ्या गाडीत १५९७ सीसीचं इंजिन आहे, ११६ हॉर्सपॉवरचं. आजच्या हिशेबाने हे काहीच नाही, पण गाडीचं वजन टनाच्या आसपास आहे, त्यामुळे मजा येते. सुटे भाग मुबलक मिळतात, आणि बॉनेट उघडल्यावर माणसाचा हात आत जातो. घरी काम शिकायला याहून बरी जुनी स्पोर्ट्स कार मला माहीत नाही. अडचण एवढीच, की भाग स्वस्त आणि सोपे असले की आपण निदान न करता भागच बदलत बसतो. मी दोन वर्षं तेच केलं.

आधी वही, मग पाना

इंजिनाची उष्णता बाहेर जायला तीन गोष्टी लागतात: पाणी फिरलं पाहिजे, रेडिएटरमधून हवा गेली पाहिजे, आणि पाणी दाबाखाली राहिलं पाहिजे. यातलं काय बिघडलंय हे गाडी स्वतःच सांगते, फक्त ती कधी तापते हे बघावं लागतं. "गाडी तापते" एवढं सांगून कोणालाच काही सांगता येत नाही, मेकॅनिकलाही नाही.

मी ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही ठेवली आणि प्रत्येक वेळी लिहिलं: वेग किती, एसी चालू की बंद, बाहेर किती अंश, चढ होता का, आणि काटा खाली आला तर कशाने. चार नोंदींमध्ये चित्र स्पष्ट झालं.

उभ्या गाडीत किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि पळायला लागली की थंड होते, तर पंख्याकडे बघा. उभी असताना ठीक पण वेगात तापते, तर पंख्याला सोडून द्या. ६५च्या वेगाला पंख्याचं काही काम नसतं, हवा आपोआप येते. मग प्रश्न उरतो तो ही हवा रेडिएटरमधून जाते का, आणि पाणी पुरेसं फिरतं का. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर गेला, तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय किंवा आत हवा कोंडलीय. आणि पाणी दर आठवड्याला कमी होत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते कुठे जातंय ते शोधा.

इथे काट्याबद्दल एक धोक्याची गोष्ट. काट्याचा सेन्सर इंजिन हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला, डॅशबोर्डच्या भिंतीजवळ आहे. तो पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी गळून गेलं आणि सेन्सरभोवती नुसती हवा राहिली, तर इंजिन भाजत असताना काटा शांत बसून राहू शकतो. काटा शांत आहे पण हीटरमधून गार हवा येतेय, असं दिसलं तर गाडी ताबडतोब बाजूला घ्या.

नसलेली वस्तू

माझ्या चारही नोंदी वेगातल्या होत्या. थर्मोस्टॅट नवा, रेडिएटर नवा. तरी खात्री करायची म्हणून जुना आणि नवा असे दोन्ही थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी उकळून तपासले (पातेलं वेगळं ठेवलंय, घरात सांगितलंय). थर्मामीटर सोडून बघायचं: ८८च्या आसपास झडप हलायला लागली पाहिजे आणि पाणी खळखळेपर्यंत चांगली उघडली पाहिजे. दोन्ही उघडले. म्हणजे पहिल्या उन्हाळ्यात मी चांगला थर्मोस्टॅट काढून चांगला थर्मोस्टॅट बसवला होता.

रेडिएटर बदलणं मात्र चुकलं नव्हतं. या गाड्यांच्या मूळ रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची आहे. वय झालं की तिचा काळा रंग हिरवट-तपकिरी होत जातो, आणि एक दिवस ती तडकते. तुमची टाकी चहाच्या रंगाची झाली असेल, तर तापण्याची वाट न बघता बदला.

मग इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. चकचकीत अॅल्युमिनिअमवर तो धडधडीत खोटं बोलतो, म्हणून जिथे मोजायचं तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. गाडी गरम करून रेडिएटरवर डावीकडून उजवीकडे, वरून खाली मोजत गेलो. मध्येच एखादा गार पट्टा सापडला तर तिथल्या नळ्या तुंबल्यात असं समजायचं. माझ्याकडे तसं काही नव्हतं.

शेवटी गाडी चार स्टँडवर चढवली आणि पुठ्ठा टाकून खाली शिरलो. फोनवर याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा खालून काढलेला फोटो होता. त्या फोटोत नाकापासून इंजिनाच्या पुढच्या भागापर्यंत एक मोठी काळी प्लास्टिकची प्लेट होती. माझ्या गाडीत तिथून थेट रेडिएटरचा तळ, बेल्ट आणि तेलाचं पॅन दिसत होतं. ती प्लेट मी गाडी घेतल्यापासून नव्हतीच, त्यामुळे ती गेलीय हे मला कळणार कसं? तेल बदलताना ती आड येते. कोणीतरी कधीतरी काढली असेल आणि परत लावायचा कंटाळा केला असेल.

ही प्लेट चिखल अडवण्यासाठी आहे असं मला वाटायचं. तिचं खरं काम वेगळं आहे. गाडीच्या तोंडातून आत आलेली हवा सगळ्यात सोप्या वाटेने निघते. रेडिएटरच्या दाट जाळीतून घुसण्यापेक्षा खालून निसटणं सोपं, म्हणून प्लेट नसेल तर बरीच हवा रेडिएटरला न शिवता खाली निघून जाते. भरीस भर म्हणजे वेगात गाडीखालची हवा वर इंजिनात घुसते आणि रेडिएटरच्या मागे दाब वाढवते, मग समोरून हवा आत ओढली जाणार कशी? म्हणून वेग जितका जास्त तितकं इंजिन जास्त तापतं आणि हवा काही त्या प्रमाणात वाढत नाही.

त्याशिवाय न्यू जर्सीत पुढेही नंबर प्लेट लावावी लागते, आणि माझी बरोबर तोंडाच्या मधोमध लटकत होती. एवढंसं ते तोंड, त्यावर ही पाटी.

जुन्या गाडीतून काढलेली तळाची प्लेट मागवली, क्लिपा नव्या घेतल्या. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना आणि वर जिथे बोट जाईल एवढी फट होती, तिथे दारं-खिडक्यांना लावायची फोमची पट्टी चिकटवली. नंबर प्लेट ब्रॅकेट घेऊन एका बाजूला सरकवली. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे असलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या जागेत वाळलेली पानं, किडे आणि एक बिस्किटाचं वेष्टन सापडलं. बागेच्या नळीने इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारलं. जोर बेताचाच ठेवायचा, नाहीतर जाळीच्या पात्या वाकतात.

दुसऱ्या शनिवारी तोच पार्कवे, तोच वेग, एसी चालू. काटा हलला नाही. रेडिएटरच्या निम्म्याहून कमी पैशात काम झालं होतं.

एसी लावला की थंड होते?

सप्टेंबरमध्ये संध्याकाळी टप खाली करून शहरात निघालो. नदीखालून न्यू यॉर्कला जाणाऱ्या हॉलंड टनेलच्या अलीकडे रांग लागली. हवा छान होती, एसीची गरज नव्हती. दहा मिनिटांत काटा वर. मी मनातल्या मनात त्या प्लास्टिकच्या प्लेटला शिव्या दिल्या, आणि मग वही आठवली: उभी गाडी, एसी बंद. ही नोंद आधीच्या चार नोंदींपेक्षा पूर्ण वेगळी होती. म्हणजे आजारही वेगळा.

सहज म्हणून एसी लावून बघितला. काटा खाली यायला लागला! ऐकायला उलटं वाटतं, कारण एसी इंजिनावर भार टाकतो. पण या गाडीत एसी लावला की पंखा आपोआप चालू होतो, पाण्याच्या तापमानाशी त्याचा संबंध नसतो. पंखा धडधाकट आहे, पण पाणी गरम झाल्यावर त्याला हाक मारणारं कोणी नाही, असा याचा अर्थ. उन्हाळाभर ट्रॅफिकमध्ये मी एसी लावूनच बसायचो, म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं.

घरी याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. इंजिनाच्या कप्प्यात एक छोटी डबी असते, झाकणावर डायग्नोसिस लिहिलेली. आत प्रत्येक भोकाला नाव आहे. इग्निशन चालू करून, इंजिन बंद ठेवून, टीएफए (TFA) आणि जीएनडी (GND) ही दोन भोकं वायरच्या तुकड्याने जोडायची. पंखा फिरला, तर मोटर, रिले (पंख्याला वीज जोडणारा विद्युत स्विच) आणि फ्यूज ठीक आहेत, दोष तापमानाच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत. नाही फिरला, तर मोटरला थेट बॅटरी देऊन बघा आणि मग रिलेकडे वळा. हात आणि बाही पात्यांपासून लांब ठेवा. पंखा फिरत असेल तेव्हा रेडिएटरसमोर कागद धरून बघा, तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे. बाहेरून घेतलेल्या पंख्याच्या दोन वायरी उलट जोडल्या, तर तो दिमाखात उलटा फिरतो आणि आपण त्याचा आवाज ऐकून समाधानी राहतो.

माझा फिरला. १६०० सीसीच्या गाड्यांमध्ये हा स्विच थर्मोस्टॅटच्या घरातच बसवलेला असतो, इंजिनाच्या पुढच्या टोकाला, आणि साधारण ९७ अंशांना जोडला जातो. त्याची वायर हातात घेतली. वरून साबूत, पण प्लगच्या मागे दोन बोटांवर ती जरा जास्तच लवचीक वाटली. चिमटीत धरून ओढली तर रबराचं आवरण च्युइंगमसारखं ताणलं गेलं. आत तांबं तुटलेलं. पहिल्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढताना हीच वायर मी मागे ओढून बांधून ठेवली होती. ३० वर्षं उष्णतेत भाजलेली वायर आणखी किती सोसणार? म्हणजे न लागणारी दुरुस्ती करताना मी एक नवी दुरुस्ती पेरून ठेवली होती.

पाच इंच नवी वायर, सोल्डरचा डाग, वर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी). एसी बंद ठेवून ड्राइव्हवेत इंजिन चालू ठेवलं. पंखा आपणहून सुरू झाला, आपणहून थांबला, पुन्हा सुरू झाला. मी खुर्ची टाकून तो तीन वेळा बघितला.

आत कोंडलेली हवा

पाणी बदललं की हे झंझट ठरलेलं. डॅशबोर्डच्या मागे ओढ्यासारखा खळखळाट ऐकू येतो, हीटर कधी गरम कधी गार, आणि काटा उगाच उड्या मारतो. यात बिघाड काहीच नसतो, आत हवेचे फुगे अडकलेले असतात.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. पुढची चाकं रॅम्पवर चढवा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. कॅप काढून घट्ट बसणारं नरसाळं लावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन सुरू करा. कूलंट (पाण्यात मिसळायचा इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, एकूण सुमारे ६ लिटर लागतं. नुसता रेडिएटर रिकामा केलात तर सगळं निघत नाही, बरंच इंजिन ब्लॉकमध्येच राहतं, त्यामुळे मिश्रणाचा अंदाज त्याप्रमाणे करा. थर्मोस्टॅट उघडला की नरसाळ्यातली पातळी एकदम खाली जाते, तेव्हा लगेच भर घाला. जाड हातमोजा घालून वरचा पाइप हलके दाबत राहा, फुगे बुडबुड करत येतील. पंखा दोनदा लागून बंद झाला की कॅप लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत परत पातळी बघा, हमखास थोडी उतरलेली असते. थर्मोस्टॅट बसवताना त्याची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवली असेल, तर हे सगळं लवकर होतं.

तासाभरानंतरही फुगे येतच राहिले, तर ते हवेचे नसून हेड गॅस्केटमधून (हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या सीलमधून) येणाऱ्या वायूचे असू शकतात. त्यासाठी निळ्या द्रावाची चाचणी मिळते: रेडिएटरच्या तोंडावर नळी धरायची, जळालेला वायू असला तर निळा रंग पिवळा होतो. इथली सुट्या भागांची दुकानं असली हत्यारं अनामत ठेवून वापरायला देतात, विकत घेऊ नका.

सांडलेलं कूलंट मात्र लगेच पुसा. चवीला गोड असतं आणि विषारी असतं, शेजाऱ्यांचं मांजर किंवा कुत्रा चाटून जाईल.

कॅपबद्दल लोक उगाच हुशारी करतात. कॅप म्हणजे कुकरची शिट्टी. आत दाब राहतो, म्हणून पाणी-कूलंटचं मिश्रण सव्वाशे अंशांच्या आसपासही उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि पाणी आधीच उकळतं, तेव्हा दोन-तीन वर्षांनी कॅप बदला, सगळ्यात स्वस्त भाग तोच आहे. पण जास्त दाबाची कॅप लावली की गाडी थंड राहील, हे शिट्टीवर वरवंटा ठेवून भात लवकर शिजवण्यासारखं आहे. दाब वाढून फुटणार जुना पाइप.

आणि गरम कॅपला हात लावायचा नाही. खंडाळ्याच्या जुन्या घाटात बाबांच्या गाडीसह दहा गाड्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या, प्रत्येकाच्या हातात ओलं फडकं आणि पाण्याचा कॅन. एकदा बाजूच्या काकांनी घाई केली, वाफेने त्यांचा हात कोपरापर्यंत सोलवटला. बाबा त्या दिवशी पाऊण तास नुसते कठड्यावर बसून राहिले आणि आम्हाला चिक्की खायला दिली. थंड पाणी गरम इंजिनात ओतणंही तसंच, अॅल्युमिनिअमचं हेड वाकतं किंवा तडकतं.

अपग्रेडचं काय?

या गाडीचं इंजिन मुळात पुढच्या चाकांनी चालणाऱ्या माझदा ३२३ गाडीत आडवं बसायचं. मिआटात ते उभं फिरवलं, आणि पाणी बाहेर पडण्याची वाट पंपाच्याच बाजूला, पुढे आणली. त्यामुळे मागच्या सिलिंडरकडे पाणी कमी फिरतं. ही वाट परत मागे नेण्याचे संच मिळतात, आणि टर्बो लावणाऱ्यांनी किंवा रेस ट्रॅकवर जाणाऱ्यांनी ते जरूर घ्यावेत. माझ्यासारख्या शनिवार-रविवारच्या माणसाला त्याची गरज नाही. डॅशबोर्डजवळच्या अरुंद जागेत काम करून बोटं सोलून घ्यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

मी दोनच गोष्टी केल्या. दुसऱ्या उन्हाळ्यातच पूर्ण अॅल्युमिनिअमचा रेडिएटर घेतला होता, तो ठेवला. आणि वरच्या पाइपमध्ये जोड टाकून आकड्यांत तापमान दाखवणारं वेगळं मीटर बसवलं. १९९२च्या गाडीत आजचे स्वस्त ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारी यंत्रं) चालत नाहीत, ती पद्धत अमेरिकेत १९९६पासून आली. मूळ काटा सुस्त आहे, तो हलेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. हे मीटर ९५ला ९५ आणि १०३ला १०३ सांगतं.

पाण्याचा पंप मी वेगळा बदलला नाही. तो टायमिंग बेल्टच्या कव्हरांमागे आहे, आणि बेल्ट दर ६०,००० मैलांना बदलायचाच असतो, तेव्हा दोन्ही एकदम करावं. पंपाखाली वाळलेल्या कूलंटची पांढुरकी-हिरवट ओघळ दिसली, तर मात्र थांबू नका.

आणखी एक, कारण यात एक मित्र महिनाभर अडकला होता. हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर (ठिणगी कधी पाडायची हे ठरवायला लागणारा सेन्सर) आहे, त्याची रबरी रिंग गळते म्हणून लोक तो काढतात आणि अंदाजाने परत बसवतात. तो चुकीच्या बाजूला थोडा जरी फिरला तरी इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं आणि इंजिन विनाकारण तापतं. त्याच डायग्नोसिस डबीत टीईएन (TEN) आणि जीएनडी जोडून, टायमिंग लाइटने १० अंश आहे का ते बघा.

वहीतली शेवटची तापमानाची नोंद अशी आहे: "१९ जुलै, ३४ अंश, पार्कवे, ६५, एसी चालू, ९४." तिच्याखाली नवीन सुरू झालंय: "उजवी खिडकी अर्ध्यावर अडकते. पाऊस असताना जास्त."